पीयूसीवरच्या फोटोतली नंबर प्लेट

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रविवारी जुन्या गाड्यांच्या जाहिराती येतात ना, सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी, सगळे पेपर क्लिअर, त्या वाचून गाडी घेणाऱ्यांपैकी मी एक आहे. तुमची काही चूक नाही त्यात, जाहिरात ती जाहिरातच. पण तीन महिने झाले डोक्यात भुंगा फिरून राहिला आहे, तो कुठंतरी काढला पाहिजे म्हणून लिहितो, लांबलं तर कापा.

सक्करदऱ्याला माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. आई ७८ वर्षांची, तिला महिन्यातून दोनदा धंतोलीला डॉक्टरकडे न्यावं लागतं, ई-रिक्षात तिचा गुडघा वाकत नाही आणि दर वेळी कोणाची तरी गाडी मागायची म्हणजे लाजच वाटते. म्हणून जानेवारीत २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक घेतली, एमएच ३१ पासिंग, रंग चांगला, टायर नवे, आतून अत्तराचा वास. विकणाऱ्याच्या पोरानं एका प्लास्टिकच्या फोल्डरमधे सगळे कागद लावून दिले, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी म्हणजे प्रदूषणाचं सर्टिफिकेट. पीयूसी तर चार दिवसांपूर्वीचीच होती. म्हणाला, "भाऊ, काऊन टेन्शन घेता, बीएस फोर गाडी आहे, पीयूसी आता वर्षभर पाहाचं कामच नाही." बीएस म्हणजे गाडीच्या धुरासाठी सरकारनं ठरवलेला नॉर्म, आकडा जितका पुढचा तितका कडक. हे त्याचं खरं होतं, बीएस फोर आणि त्यापुढच्या गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते, त्याच्या आधीच्या गाड्यांना सहा महिन्यांनी काढावी लागते. मी खूश झालो, टोकन दिलं.

तीन आठवड्यांत आई मागच्या सीटवरून म्हणायला लागली, पेट्रोलचा वास येऊन राहिला रे. आमची पार्किंग बंदिस्त आहे, तिथं सकाळी गाडी सुरू केली की डोळे चुरचुरायचे, वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी एक दिवस खिडकीतून सांगितलं की भाऊ तुमची गाडी बाहेर काढून गरम करत जा. अ‍ॅव्हरेजही पडलेलं. गणेशपेठेत आमचे जुने मिस्त्री आहेत त्यांच्याकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. नुसती चावी ऑन केली, इंजिन सुरू न करता, आणि म्हणाले मीटरकडे पाहा. बॅटरीचा दिवा लागला, ऑइलचा लागला, हॅन्डब्रेकचा लागला. इंजिनच्या चित्राचा जो पिवळा दिवा असतो तो लागलाच नाही. चावी ऑन केली की तो लागायला पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझायला पाहिजे, लागतच नाही म्हणजे कोणीतरी त्याचं तोंड बंद केलं आहे. मीटर खोललं तर त्या दिव्यावर मागून काळी टेप, नखाएवढी, एकदम नीट कापून लावलेली. इतकी मेहनत त्यानं गाडी दुरुस्त करायला घेतली असती तर.

मग त्यांनी स्टिअरिंगच्या खाली एक लहान स्कॅनर लावला, मोबाईलवर दिसतं त्यात सगळं. कोड निघाला पी ०४२०. म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर साफ करणारा डबा, आपलं काम करून नाही राहिला. गाडी रॅम्पवर घेतली, पान्यानं कॅटच्या डब्यावर ठोकलं तर आवाज रिकाम्या पिंपासारखा. बाजूनं वेल्डिंगची ताजी रेघ. आतली जाळीच काढून घेतलेली, नुसता डबा परत जोडला, वरून पाहणाऱ्याला वाटेल सगळं जागेवर आहे. मिस्त्री म्हणाले त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारवाले चांगला भाव देतात. ऑक्सिजन सेन्सरही गेलेला होता, त्यामुळे गाडी जास्त पेट्रोल पिऊन राहिली होती, आईला वास यायचा तो त्याचाच.

घरी येऊन पीयूसीचा कागद पुन्हा काढला. कार्बन मोनॉक्साइड ०.०८, हायड्रोकार्बन ४१. म्हणजे शोरूममधून आत्ताच निघाली! आणि मग त्यावरचा फोटो पाहिला. पीयूसीवर गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो असतो, आपण कोणी पाहतो का तो? फोटोत जुनी प्लेट होती, नंबरच्या खाली देवाचं नाव लिहिलेली. गाडीला तर नवीन एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी प्लेट आहे आणि ती दिवाळीच्या आधीच बसवली असं त्याच पोरानं मला कौतुकानं सांगितलं होतं. जानेवारीच्या पीयूसीत दिवाळीच्या आधीची प्लेट. नीट पाहिलं तर फोटोच्या एका कडेला मोबाईलची काळी किनार पण आली आहे. म्हणजे कोणाच्या तरी मोबाईलवर जुना फोटो होता, सेंटरवाल्यानं त्या मोबाईलचाच फोटो काढला आणि सर्टिफिकेट छापलं. गाडी तिथं गेलीच नव्हती. मी झेरॉक्सवाला माणूस, दिवसभर लोकांचे कागद हाताखालून जातात, माझ्याच कागदावर माझी नजर गेली नाही, घ्या.

खात्री करायला मी उमरेड रोडवरच्या एका सेंटरवर गाडी घेऊन गेलो, कुठल्या ते लिहीत नाही. सव्वाशे रुपये. तिथला पोरगा म्हणतो, "काका गाडी कशाले आणली, फोटो व्हॉट्सअ‍ॅप केला असता तं झालं असतं." मी म्हटलं नळी लाव बाबू, सायलेन्सरमधे पूर्ण आत लाव आणि जे येते ते दाखव. रीडिंग आलं कार्बन मोनॉक्साइड १.९ टक्के, हायड्रोकार्बन ५२० पीपीएम. बीएस फोर पेट्रोल गाडीला आयडलवर हद्द आहे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. तो पोरगा स्क्रीनकडे आणि माझ्याकडे पाहून राहिला. मग हळूच म्हणाला, पास करून देऊ का?

विकणाऱ्याला फोन केला तर त्याचं एकच पालुपद, "पीयूसी व्हॅलिड होती ना साहेब, आरटीओनं ट्रान्सफर केली ना." आणि गंमत म्हणजे तो मोकळा, अडकलो मी. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला जे बदल झाले त्यात प्रदूषणाची हद्द ओलांडणाऱ्या गाडीला, कलम १९०, पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. आणि गाडीत परवानगीशिवाय बदल केला असेल तर कलम १८२ ए खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. पहिलं गाडी चालवणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला, दुसरं बदल करणाऱ्या मालकाला. बदल मी केला नाही, पण आता गाडी चालवणारा मी आणि आरसीवर मालक म्हणून नावही माझंच. कंपनीच्या वर्कशॉपनं नवीन कॅट आणि सेन्सरचा जो आकडा सांगितला तो गाडीच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढा आहे. चौकशी केली तर कळलं की १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांना आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि मूळ मालकानं गाडी त्यांच्या ताब्यात दिली की फॉर्म २९ सी भरून आरटीओला कळवायचं, मग विकेपर्यंत त्या गाडीची जबाबदारी डीलरची. माझ्यावाल्याकडे असं काही नव्हतं, तो म्हणे मी तर फक्त मधला माणूस.

या तीन महिन्यांत मी जे काही शिकलो ते आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट मॉडेलच्या वर्षावर जाऊ नका. लोक म्हणतात अमुक सालची आहे म्हणजे बीएस फोरच. तसं नाही. २०१० ला बीएस फोर फक्त तेरा शहरांत आलं, त्यात आपल्या महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि सोलापूर होते, सगळ्या देशात ते लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. म्हणजे २०१३-१४ च्या दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्या, एक पुण्यात पासिंग झालेली आणि एक दुसऱ्या गावी, वेगळ्या नॉर्मच्या असू शकतात. आणि २०२० ची गाडी म्हणजे बीएस सिक्स हेही नाही, ३१ मार्च २०२० पर्यंत बीएस फोर रजिस्टर होत होत्या, शेवटच्या तीन महिन्यांत तर स्टॉक काढायला कंपन्यांनी मोठी सूट देऊन विकल्या. त्यामुळे नॉर्म कुठला ते आरसीवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर स्वतः वाचा. पीयूसी खरी आहे की घरी छापलेली हे परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकले की कळतं. माझी तर तिथंही खरीच निघाली, ऑनलाइन, व्हॅलिड, हिरवी टिक. गाडीचं इंधन आणि नॉर्म एचएसआरपीसोबत समोरच्या काचेवर जो स्टिकर येतो त्यावरूनही कळतो, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला केशरी, आणि बीएस सिक्स असेल तर वर हिरवी पट्टी.

दुसरं, पीयूसी मोजतं काय हेच बऱ्याच जणांना माहीत नाही, मलाही नव्हतं. पेट्रोलमधे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. डिझेलमधे धुराचा दाटपणा, गाडी उभी ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, सोडायचा, असं चार-पाच वेळा, बीएस फोर डिझेलला हद्द ५० हार्ट्रिज, आधीच्यांना ६५. नायट्रोजन ऑक्साइड पीयूसीत मोजतच नाहीत. आणि बीएस फोर आणि सिक्समधला डिझेलचा खरा फरक तर तिथंच आहे, किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आणलं. म्हणजे कोणी ईजीआरला, थोडा धूर परत इंजिनात फिरवून नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या व्हॉल्व्हला, पत्रा मारून बंद केलं, ज्याला सगळे ब्लँकिंग म्हणतात, तरी ती गाडी पीयूसीत आरामात पास होते. त्यामुळे खरोखर केलेली पीयूसीसुद्धा पुरी गोष्ट सांगत नाही. २०१५ ला अमेरिकेत फोक्सवॅगनची जी भानगड बाहेर आली तीही नायट्रोजन ऑक्साइडचीच होती, सॉफ्टवेअर टेस्ट ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. भारतातही त्या ईए १८९ डिझेल इंजिनाच्या तीन लाखांवर गाड्या परत बोलवल्या होत्या, फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी तिन्ही. त्या काळातली डिझेल कोणी घेत असेल तर ते काम त्या गाडीवर झालं की नाही हे चेसिस नंबर देऊन कंपनीत विचारा.

डिझेलवरून आठवलं. माझ्या साडूला एसयूव्ही घ्यायची होती, २०२१ ची बीएस सिक्स, तो वर्ध्याहून आला आणि मी आता स्वतःला एक्सपर्ट समजून त्याच्यासोबत गेलो. सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून फिरवलं. बोट काळं झालं, रुमालाला पुसलं तर काजळीचा डाग, तो अजून निघाला नाही, बायको विचारते काय लागलं. डीपीएफ नीट असेल तर ते नळकांडं आतून जवळपास स्वच्छ राहतं, काजळी अडवायलाच ते फिल्टर आहे. मी विचारलं तर विकणारा लपवून नाही राहिला होता, उलट अभिमानानं सांगून राहिला होता, "डीपीएफ काढून टाकला भाऊ, मॅप पण मारून दिला, आता लाइटचा त्रास नाही, पिकअप पाहा काय आहे." मॅप मारणं म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग बदलणं. म्हणजे जो गुन्हा आहे तोच फीचर म्हणून विकून राहिला. आता लोक डीपीएफ का काढतात तेही खरं सांगतो. आपल्या इकडे डिझेल गाडी बर्डी ते इतवारी दुसऱ्या गिअरमधे फिरते, फिल्टरमधली काजळी जाळायला गाडी चांगल्या स्पीडनं काही वेळ सलग चालावी लागते, ती चालत नाही, मग चोक होतो, दिवा लागतो, वर्कशॉपवाला मोठा आकडा सांगतो आणि कोणीतरी म्हणतं काढून टाक ना बे. मग ज्याला रोज पाच किलोमीटर जायचं आहे त्यानं बीएस सिक्स डिझेल घेऊच नये असं माझं मत झालं आहे. महिन्यातून दोनदा समृद्धीवर जाणारा असेल तर गोष्ट वेगळी. मोठ्या डिझेल गाड्यांत धूर साफ करायला यूरियाची वेगळी टाकी असते, ती पण पाहून घ्या, काही जण त्याचंही कनेक्शन मारून देतात.

सीएनजी बाहेरून लावली असेल तर आरसीवर तिची नोंद पाहिजे आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट, एवढंच.

गाडी पाहायला जायचं तर सकाळी न सांगता जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवून पाहा. गरम असेल तर त्यानं आधीच सुरू करून धूर काढून टाकला समजा. थंड इंजिन सुरू करताना एकानं मागे उभं राहायचं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतं आहे, काळा म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही. पांढरी वाफ आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी सगळ्याच गाड्यांतून निघते, त्याला घाबरायचं नाही, पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरं येतच असेल आणि गोडसर वास असेल तर कूलंट आत जातं आहे. आणि तो स्कॅनर हजार-दीड हजारात मिळतो, मी घेतला, आता सगळ्या नातेवाइकांकडे फिरून राहिला आहे. त्यात कोड नाही निघाला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका, विकणारा आदल्या रात्री कोड पुसून ठेवू शकतो. स्कॅनरमधे रेडीनेस म्हणून एक पान असतं, तिथं कॅट आणि ऑक्सिजन सेन्सरच्या समोर अपूर्ण असं येत असेल तर समजायचं की कोणीतरी नुकतंच पुसलं किंवा बॅटरी काढली. मग म्हणायचं की दादा आउटर रिंग रोडवर एक चक्कर मारून येऊ, उद्या परत येतो, परत पाहू. जो हो म्हणतो त्याच्याशी पुढं बोला.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळते म्हणून आमच्या ओळखीत दोघांनी आणल्या. तिकडं दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल चालवायला बंदी आली, सुप्रीम कोर्टानं २०१८ ला त्यावर शिक्का मारला, तेव्हापासून त्या गाड्या बाहेरच्या राज्यांत उतरायला लागल्या, २०२५ ला कोर्टानं ती बंदी सैल केली. गाडी चांगली असूही शकते, मी सरसकट वाईट म्हणत नाही. पण एनओसी, आपल्या इकडचा टॅक्स, नवीन नंबर, आणि पंधरा वर्षं झाली असतील तर पासिंग आणि ग्रीन टॅक्स, हे सगळं जोडून मग स्वस्त आहे का ते पाहा.

आता संपादक साहेब, मुद्द्याची गोष्ट. नीरी, देशाची पर्यावरण संशोधन संस्था, आपल्या नागपुरात, १९५८ पासून. देशाचे परिवहन मंत्री आपलेच खासदार. केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा सुधारायची आहे त्यांच्या यादीत नागपूरही आहे. आणि इथं मोबाईलच्या फोटोवर पीयूसी निघते. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या राखेवर आपण बोलतो, बोललंच पाहिजे, पण माझ्या बंद पार्किंगमधे वहिनींच्या खिडकीत जे जात होतं ते कोराडीहून येत नव्हतं. माझी मागणी फार मोठी नाही. गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना पीयूसीचा कागद नुसता जोडून घेण्यापेक्षा त्याच आठवड्यात, आरटीओनं नेमलेल्या दोन-चार सेंटरपैकी एकावर, घेणाऱ्याच्या समोर, गाडी उभी करून टेस्ट झाली पाहिजे. सव्वाशे रुपयांचं तर काम आहे. आणि फोटोत मोबाईलची किनार दिसते असे सर्टिफिकेट सिस्टीममधे किती पडून आहेत ते कोणीतरी एकदा बसून पाहावं, पीयूसीवर सेंटरचा कोड छापलेला असतो, शोधायला जासूस नाही लागत.

मी आरटीओत लेखी तक्रार दिली आहे, पोच घेतली आहे. कॅट अजून बदलला नाही, पैसे जमवून राहिलो आहे, तोपर्यंत गाडी कव्हर घालून उभी आहे आणि आईला परत शेजारच्यांच्या गाडीनं नेतो. दोन्ही पीयूसीच्या कलर झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत, चार दिवसांपूर्वीची म्हणून मिळालेली आणि उमरेड रोडवरची नापास झालेली. छापल्या तर गाडीचा नंबर झाका, पहिलीवरच्या फोटोची डावी कड मात्र कापू नका.

आपला,
एक वाचक
सक्करदरा, नागपूर